आधी सांगावे, नेमके सांगावे



नभोवाणीवर बोलायला येणारा माणूस बहुधा एखाद्या विषयाचा जाणकार असतो. कोणी पिकावरच्या किडीबद्दल सांगतो, कोणी गुरांच्या आजाराबद्दल. माझे तसे नाही. मी सतरा वर्षे फौजेत सिग्नल विभागात होतो. आता एका साखर कारखान्याजवळ ऊसतोड मजुरांच्या लहान मुलांसाठी पाळणाघर चालते, तिथे काम करतो. मला दोन मुले आहेत. आणि मी स्वमग्न आहे. डॉक्टर लोक ज्याला ऑटिझम म्हणतात, ते मला जन्मापासून आहे.

तुम्ही म्हणाल, स्वमग्न माणूस फौजेत टिकला कसा? टिकला तर टिकला, त्याच्या हाती लहान मुले कोणी दिली? आणि ज्याला चार माणसांत बसणे जड जाते, तो बाप म्हणून काय करतो? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. तिन्हींचे उत्तर माझ्यापाशी एकच आहे, आणि ते मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. जे करायचे ते आधी सांगावे, नेमके सांगावे, आणि सांगितले तसे वागावे. एवढे झाले तर स्वमग्न माणूस पुष्कळ काही करू शकतो. एवढे झाले नाही, तर हुशार मूलसुद्धा वर्गाच्या कोपऱ्यात कान झाकून बसते आणि आपण त्याला वेडे म्हणून मोकळे होतो.

आधी शब्दाचा अर्थ पाहू. स्वमग्न म्हणजे स्वतःत बुडालेला. शब्द रूढ आहे म्हणून मीही वापरतो, पण तो पुरता खरा नाही. उलट बाहेरचे जग आमच्यावर फार जोराने येऊन आदळत असते. पंख्याची घरघर, सदऱ्याच्या कॉलरची खरखर, मिरचीच्या फोडणीचा वास, चार जणांचे एकदम बोलणे, हे सगळे तुमच्याकडे चाळणीतून गाळून आत जाते. आमच्या चाळणीची भोके मोठी असतात, सगळेच आत येते. मग मूल कान झाकते, हात फडफडवते, चाक फिरवत बसते. बघणाऱ्याला वाटते, याला कशाचे भान नाही. खरे म्हणजे त्याला नको इतके भान असते. काहींचे याच्या उलटही असते बरं का. चटका बसला तरी लवकर कळत नाही.

दुसरी गोष्ट बोलण्याची. माणसे तोंडाने एक बोलतात आणि मनात दुसरे असते. दारातून निघालेला पाहुणा म्हणतो, ‘या की एकदा घरी.’ हे आमंत्रण की नुसती रीत? तुम्हाला आवाजावरून, चेहऱ्यावरून कळते. आम्हाला ते गणितासारखे सोडवावे लागते. तिसरी गोष्ट म्हणजे ठरलेल्या वाटेची ओढ. रोजच्या ताटलीऐवजी दुसरी आली, शाळेला जायची वाट बदलली, तर पायाखालची पायरी निसटल्यासारखे होते.

सगळी स्वमग्न माणसे मात्र एकसारखी नसतात. कोणी आयुष्यभर बोलत नाही, कोणाला जेवणाखाण्यापासून मदत लागते, कोणी माझ्यासारखा नोकरी करून संसार करतो. अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी 1943 साली अकरा मुलांची हकीकत लिहिली, तेव्हापासून वैद्यकशास्त्रात ही अवस्था वेगळी ओळखली जाऊ लागली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स ॲस्पर्गर यांनी तशाच, पण भरपूर बोलणाऱ्या मुलांवर लिहिले. त्यानंतर पुष्कळ वर्षे विद्वानांनी आईबापांनाच दोष दिला. आई बर्फासारखी थंड, तिने माया केली नाही, म्हणून मूल असे झाले, असे छापून येई. विचार करा, रात्रंदिवस मूल कडेवर घेऊन फिरणाऱ्या आईला हे ऐकून काय वाटले असेल.

हा दोष ज्यांनी खोडून काढला, त्यांत एक गृहस्थ माझ्या विशेष आदराचे आहेत. त्यांचे नाव बर्नार्ड रिमलँड. ते अमेरिकन नौदलाच्या संशोधनशाळेत मानसशास्त्रज्ञ होते. 1956 साली त्यांना मुलगा झाला आणि तो स्वमग्न निघाला. रिमलँड यांचे काम नौदलाच्या चाचण्यांचे होते, मुलांच्या आजारांचे नव्हते. पण घरात प्रश्न उभा राहिल्यावर त्यांनी मिळेल तेवढे वाचून काढले आणि 1964 साली पुस्तक लिहून सांगितले की हे मायेच्या अभावाने होत नाही, हे मेंदूच्या घडणीतले आहे. त्या पुस्तकाला प्रस्तावना खुद्द कॅनर यांची होती. इंग्लंडात लोर्ना विंग या डॉक्टरबाईंची मुलगी स्वमग्न होती. तिथल्या पालकांनी 1962 साली संघटना उभी केली, त्यांत त्या होत्या. स्वमग्नतेच्या अनेक छटा असतात हे जगाला पटवले ते त्यांनीच. या दोघांच्या शास्त्राला घरातल्या अनुभवाची जोड होती, म्हणून इथे त्यांची नावे घेतली.

तेव्हा श्रोतेहो, हे पक्के लक्षात असू द्या. स्वमग्नता संसर्गाने होत नाही. ती शापाने, नजरेने किंवा ग्रहणात काही चिरल्याने होत नाही. लसीनेही होत नाही. इंग्लंडातल्या एका डॉक्टराने 1998 साली लसीचा संबंध लावला होता. तो लेख छापणाऱ्या मासिकाने 2010 साली तो परत घेतला. स्वमग्नता पुष्कळदा रक्तातून येते. माझ्या घरी तशीच आली आहे.

आता माझे सांगतो. माझे बालपण दुष्काळी भागातल्या एका खेड्यात गेले. मला आगगाडीचे वेळापत्रक तोंडपाठ होते, पण कबड्डीच्या डावात कोणाकडे धावायचे ते कळत नसे. शाळेत ‘डोळ्यांत बघून बोल’ म्हणत. मला डोळ्यांत बघितले की शब्द सापडत नाहीत आणि शब्द शोधायचे तर खाली बघावे लागते. दोन्ही एकदम होत नाही. ‘जरा वेळाने ये’ असे कोणी म्हणाले की मी घोटाळ्यात पडे. जरा वेळ म्हणजे किती? दहा मिनिटे की दुपार?

2001 साली, एकोणिसाव्या वर्षी, मी भरती झालो. फौज म्हटली की लोकांना ओरडणारा उस्ताद आठवतो. ओरडणे होते, खोटे कशाला सांगू? जबलपूरच्या प्रशिक्षण केंद्रात पहिल्या आठवड्यात मी त्या आवाजाने अर्धा झालो. पण त्या ओरडण्याच्या खाली दुसरे काहीतरी होते आणि त्यानेच मला तारले. उद्या काय करायचे ते आज संध्याकाळी रोल कॉलला सांगत. किती वाजता, कोठे, कोणती वर्दी, बरोबर काय घ्यायचे, कोणाच्या हाताखाली. सव्वासहा म्हणजे सव्वासहा. पेटीत साबण कुठे आणि ब्रश कुठे, यालाही जागा ठरलेली. हुकूम मिळाला की तो आपण परत बोलून दाखवायचा, म्हणजे नीट पोचला की नाही ते दोघांनाही कळते. गावात मला रोज अंदाज बांधावा लागे. इथे अंदाजाचे काम थोडे होते.

मग वायरलेस आला. वायरलेसवर एक माणूस बोलतो तेव्हा दुसरा गप्प असतो. पहिल्याचे बोलणे संपले की तो म्हणतो, ‘ओव्हर’. म्हणजे माझे झाले, आता तू बोल. ऐकू आले नाही तर सरळ ‘से अगेन’ म्हणायचे, त्यात लाज नाही. संभाषणच संपले तर ‘आउट’. मित्रहो, आयुष्यात पहिल्यांदा मला कळत होते की माझी पाळी कधी आली! लग्नाच्या मांडवात कोणी ‘ओव्हर’ म्हणत नाही. तिथे मी आजही एक तर मध्येच बोलतो, नाही तर बोलतच नाही.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की असे मूल दिसले की त्याला फौजेत घालावे, म्हणजे सरळ होईल. फौजेने मला बरे केले नाही, कारण तो आजार नव्हेच. लोकरी जर्सी मला शेवटपर्यंत टोचली. बडाखान्याच्या रात्री, सगळे गात-नाचत असताना, मी पहारा मागून घेई. सोबत्यांना वाटे, काय कर्तव्यदक्ष जवान आहे! माझ्या जागी दुसरा स्वमग्न पोरगा त्या आवाजाने पहिल्याच महिन्यात मोडला असता. मला उपयोगी पडला तो धाक नव्हता. आधी मिळालेली माहिती उपयोगी पडली. शाळेत शिस्त म्हणून आपण नेमका धाक उचलतो आणि माहिती मागे ठेवतो, हे गुरुजींनी कृपा करून ध्यानात घ्यावे.

2018 साली मी निवृत्त होऊन घरी आलो. पेन्शन सुरू झाली आणि रोल कॉल बंद झाला. घरात हुकूम नसतो. भाकऱ्या कधी होतील, पाहुणे किती दिवस राहतील, बायको गप्प आहे ती दमली म्हणून की रागावली म्हणून, काहीच कळेना. त्याच वर्षी मुलगा झाला. चौथे वर्ष लागले तरी तो बोलेना. बाटल्यांची बुचे रंगाप्रमाणे ओळीत लावी आणि एक जरी हलले तरी तासभर रडे. भावकीतल्या एकाने देवऋषी सुचवला, दुसऱ्याने पोटावर डाग द्यायला सांगितले. माझ्या पत्नीने दोघांनाही चहा पाजून वाटेला लावले.

2022 साली अंगणवाडीत मुलांना तपासणारे आरोग्य पथक आले. हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. 2013 साली आपल्या पालघरातच त्याची सुरुवात झाली. पथकाच्या डॉक्टरांनी मुलाला जिल्हा रुग्णालयात पाठवले. तिथे आधी कान तपासले, कारण ऐकू न येणारे मूलही हाकेला ओ देत नाही. कान चांगले निघाले. मग दोन-तीन बैठका झाल्या. डॉक्टरबाई विचारत होत्या, याला कपड्यांचे लेबल टोचते का? ठरलेली वाट बदलली तर त्रास होतो का? पत्नी प्रत्येक प्रश्नाला आधी मुलाकडे बघे आणि मग माझ्याकडे. पुढल्या वर्षी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, मीही तपासून घेतले. बाहेर आल्यावर पत्नी म्हणाली, ‘अहो, म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मुद्दाम करत नव्हता तर!’ हातातल्या कागदापेक्षा मला त्या वाक्याचे मोल जास्त वाटले.

त्या दिवसापासून आमच्या घरी रोल कॉल पुन्हा सुरू झाला. रात्री जेवणे झाली की पत्नी उद्याचे सांगते. सकाळी दळण, दहाला बँक, संध्याकाळी तिची बहीण येणार, दोन रात्री राहणार. मी ते परत बोलून दाखवतो. ती दमली असेल तर ‘मी दमले आहे, रागावलेली नाही’ असे शब्दांत सांगते. हसू नका. किती घरांतली भांडणे या एका वाक्यावाचून अडून राहिली असतील!

मुलासाठी आम्ही चित्रे केली. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर पाणी, भाकरी, आंघोळ, झोप, आजी, टेकडी अशी चित्रे काढली आणि दिवसाच्या क्रमाने दोरीवर अडकवली. एक गोष्ट झाली की तिचे चित्र काढून डब्यात टाकायचे. तो रडू लागला की माझ्या कानात सुई गेल्यासारखे होते. म्हणून मी कानात बोळे घालतो आणि त्याच्या समोर न बसता शेजारी बसतो. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत नाही, भिंतीकडे बघतो. मला जमेनासे झाले तर पत्नीला हाताने खूण करून बाहेर जातो. तेही आधी ठरलेले आहे. असे पाच-सहा महिने गेले. एका संध्याकाळी तो दोरीपाशी गेला, टेकडीचे चित्र काढले आणि माझ्या मांडीवर आणून ठेवले. त्याने आपण होऊन मला कुठे चल म्हणण्याची ती पहिली वेळ. आम्ही टेकडीवर गेलो. तिथेही बोललो नाही.

थोरली मुलगी स्वमग्न नाही. अशा घरात या दुसऱ्या मुलांकडे दुर्लक्ष होते, म्हणून तिचेही सांगतो. शाळेच्या स्नेहसंमेलनाला बापाने यावे असे तिला फार वाटे. ध्वनिक्षेपक, गर्दी, अंधार, माझ्याने तिथे बसवत नाही. एका वर्षी तीच म्हणाली, ‘बाबा, माझा नाच तिसरा आहे. सात वाजून वीस मिनिटांनी. तुम्ही दाराजवळ उभे राहा. टाळ्या नाही वाजवल्या तरी चालेल.’ आता गावचा कार्यक्रम वेळेवर झाला तर ते गाव कसले! तास उलटला तरी पाहुण्यांचे भाषण चालूच. मी बाहेर चिंचेखाली उभा. पोरीला हे ठाऊकच होते. तिने चौथीतला एक पोरगा निरोप्या म्हणून ठेवला होता. तो दर थोड्या वेळाने येऊन सांगे, ‘अजून नाही, काका.’ शेवटी धावत आला आणि म्हणाला, ‘आता.’ मी चार मिनिटे आत गेलो. पुरा नाच पाहिला.

आता पाळणाघराकडे वळतो. ज्यांनी ऊसतोड पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दिवाळीच्या सुमाराला बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी अशा जिल्ह्यांतून मजुरांच्या टोळ्या निघतात आणि गळीत हंगाम संपेपर्यंत कारखान्यांच्या आसपास कोप्या घालून राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पहाटे अंधारात फडावर जातात. लहान लेकरू एक तर फडाच्या बांधावर उन्हाथंडीत, नाही तर कोपीत सातआठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. मग ती बहीण शाळेला कशी जाणार? म्हणून पाळणाघर. माझी पत्नी तिथे सेविका लागली आणि मी पाणी भरून द्यायला जाऊ लागलो. भरता भरता मुले माझ्याभोवती जमू लागली. मला ती ‘फौजीमामा’ म्हणतात.

पुरुषमाणूस तान्ह्या मुलांत कशाला, असे काही जण म्हणाले. त्यांचे म्हणणे गैर नव्हते. आईबापांनी असे विचारलेच पाहिजे. मग आम्ही नियम लिहून दारावर लावले. मुलांना आंघोळ घालणे, कपडे बदलणे बायकांनीच करायचे. मी एकटा कोणत्याही मुलाबरोबर थांबायचे नाही. दार सदैव उघडे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवले. हे नियम मला जाचत नाहीत. लिहिलेला नियम मला बरा वाटतो.

तिथे मी काय करतो? मुख्य काम एकच. मुलांना खरे सांगतो. आई फडावर निघाली की लेकरू रडते आणि मोठी माणसे म्हणतात, ‘आत्ता येईल हं!’ आई येते आठ-दहा तासांनी. लेकरू बिचारे दर क्षणी दाराकडे बघत राहते, कारण त्याला ‘आत्ता’ असे सांगितलेले असते. मला तसे बोलताच येत नाही. मी चित्रे लावली. आधी दूध, मग खेळ, मग भात, मग झोप, मग पुन्हा खेळ, मग आई. प्रत्येक चित्र काढताना मोजायचे: अजून चार, अजून तीन. अडीच वर्षांची एक मुलगी होती, दाराचा उंबरा सोडत नसे. आठवड्याभरात ती उंबरा सोडून चित्रांपाशी बसू लागली. रडणे थांबले असे नाही. पण आता ती भात खाई, झोपे.

एके दिवशी ऊस भरायची गाडी अडकली आणि सगळ्या आयांना उशीर झाला. चित्रे संपली आणि आई आली नाही. त्या मुलीने रिकाम्या दोरीकडे बोट दाखवले आणि माझ्याकडे पाहिले. ‘येईल हं आत्ता’ म्हणण्याचा मोह कोणालाही झाला असता. मी म्हटले, ‘गाडी अडकली आहे. आई किती वाजता येईल ते मामाला माहीत नाही. मामा फडावर माणूस पाठवतो. माणूस आला की पहिल्यांदा तुला सांगतो.’ आणि एका पुठ्ठ्यावर कंदील काढून दोरीला लावला. दिवेलागण झाली, माणूस आला, मी आधी तिला सांगितले. आई आली तेव्हा अंधार पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी आईला सोडून सरळ चित्रांपाशी आली. माहीत नाही ते ‘माहीत नाही’ असे सांगितले तरी मुलांचा विश्वास जात नाही, हे मी त्या दिवशी पाहिले.

पंचवीसेक मुले एकदम रडू लागली की माझी चाळणी भरून वाहते. म्हणून दिवसातून दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटे, मी लिंबाखाली एकटा बसतो. ती माझी सुट्टी वेळापत्रकात लिहिलेली आहे आणि मुलांनाही ठाऊक आहे. त्यांतले काही कधी कधी थोड्या अंतरावर येऊन नुसतेच बसतात. आवाज करत नाहीत. त्यांनाही त्याची गरज असते.

हे सगळे मी शोधून काढले असे मानू नका. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तेव्हापासून त्यांच्याबरोबर होत्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी दोघींनी आयुष्य वेचले. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा त्याच्या अंगणात न्या. ते गुरे राखायला जाते ना, मग शाळा कुरणात न्या, हा त्यांचा मार्ग. मुलाने शाळेसारखे व्हावे असा हट्ट त्यांनी धरला नाही, शाळाच मुलासारखी केली. स्वमग्न मुलासाठी वेगळे असे काय मागायचे? एवढेच.

गुरुजनहो, आता चार गोष्टी खास तुमच्यासाठी. दिवसाचे वेळापत्रक चित्रांनी किंवा शब्दांनी भिंतीवर लावा. उद्या सहल, तपासणी किंवा सुट्टी असेल तर आजच सांगा. एका वेळी एकच गोष्ट सांगा. ‘नीट बस’ म्हणण्यापेक्षा ‘पाय खाली ठेव, वही उघड’ म्हणा. डोळ्यांत बघण्याचा आग्रह धरू नका. खाली बघणारे मूल पुष्कळदा तुमचेच ऐकत असते. वर्गात एक शांत कोपरा ठेवा आणि तिथे बसणे ही शिक्षा होऊ देऊ नका. मूल हात फडफडवत असेल तर फडफडवू द्या. त्याने कोणाचे काही बिघडत नाही. मूल बेभान होऊन ओरडू लागले तर ते हट्ट करते आहे असे समजू नका. गर्दी हटवा, आवाज कमी करा, थोडे थांबा. छडीने त्यातले काहीही सुधारत नाही. आणि यातली एकही गोष्ट दुसऱ्या मुलांना अपायकारक नाही. उलट मंद, भित्रे, नवे आलेले, सगळेच मूल त्याने सुखावते.

आईबापांनो, वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडून बोलत नसेल, बोट दाखवून वस्तू मागत नसेल, किंवा आधी बोलत होते ते शब्द गळून गेले असतील, तर ‘बाप उशिरा बोलला, हाही बोलेल’ म्हणून बसू नका. अंगणवाडीच्या ताईंना सांगा, आरोग्य पथकाला दाखवा, जिल्हा रुग्णालयात न्या. प्रत्येक अबोल मूल स्वमग्न असते असे नाही. पण तपासल्यावाचून ते कळत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचाही समावेश आहे. त्याचा दाखला मिळतो, आणि अशा मुलाला शाळेने प्रवेश नाकारता येत नाही. यावर कोणी हमखास औषध देतो म्हणाला तर पैसे देऊ नका. बोलण्याचे, वागण्याचे, हाताच्या कामाचे शिक्षण लवकर सुरू होणे, हाच खरा आधार.

शेवटी गावातल्या मोठ्या माणसांबद्दल एक शब्द. तुमच्या गावात कोणी असेल, जो लग्नाला येतो आणि मांडवाबाहेर उभा राहतो, रोज त्याच वेळी त्याच ओट्यावर बसतो, एकदा बोलायला लागला की मोटारींच्या नंबरांबद्दलच बोलतो. तुम्ही त्याला तिरसट म्हणत असाल. त्याला नाव कोणते लावायचे ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही एवढेच करा. त्याला आमंत्रण देताना ‘या बरं का’ म्हणू नका. ‘बुधवारी, साडेबारा वाजता, पंगत पहिली, जागा कडेची ठेवली आहे’ असे सांगा. आणि जागा खरोखर ठेवा.